भाड्याची खोली आणि पाचशे रुपयांची पावती

पिरंगुटच्या कारखान्यांत किंवा हिंजवडीच्या कंपन्यांत नोकरी लागली की पहिला शोध असतो तो खोलीचा. भूगाव असो, माण असो की घोटावडे फाटा, व्यवहार बहुधा तोंडीच होतो. डिपॉझिट रोख, पावती नाही. फार तर स्टँप पेपरवर नोटरीचा शिक्का.

कायद्याला एवढं पुरत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. अकरा महिन्यांचा असला तरीसुद्धा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. घरमालकांनी हे जरूर ऐकावं!

खर्च किती? ग्रामीण भागात नोंदणी फी 500 रुपये. मुद्रांक शुल्क पाव टक्का. महिना 6,000 भाडं आणि 20,000 डिपॉझिट असेल, तर अकरा महिन्यांचं शुल्क साधारण 170 रुपये. एजंट त्यावर स्वतःची फी लावतो, ती आधीच विचारून घ्या. आधार कार्ड आणि अंगठ्याचा ठसा असला की ही नोंदणी ऑनलाइन, घरबसल्या होते.

आणि शिकणाऱ्या मुलांसाठी एक: अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून जेवणाबरोबर राहण्याचाही खर्च मिळतो. अर्ज समाजकल्याण विभागाकडे करायचा. भाडेकरारनामा जपून ठेवा, तिथे लागतो.