फॉरमॅट मारल्यावर नेट गेलं, आवाज गेला : जुन्या कॉम्प्युटरचे ड्रायव्हर शोधायचे कसे?

आजचा विषय एका श्रोत्या ताईंच्या मेलवरून घेतलाय. तालुक्याच्या गावी त्यांचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. कॉम्प्युटर २०१२ सालचा, असेंबल केलेला. तो फारच हळू झाला म्हणून त्यांनी एकाकडून फॉरमॅट मारून घेतला. विंडोज १० पडलं, पण नेट चालेना, आवाज येईना, स्क्रीनवरची अक्षरं ताणलेली दिसायला लागली आणि स्कॅनर तर कॉम्प्युटर ओळखेचना. दुरुस्तीवाला म्हणाला, "मदरबोर्ड गेलाय, आता नवीनच घ्या." बारावीचा निकाल तोंडावर आलेला. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेअर यांची गर्दी म्हणजे त्यांच्या वर्षाच्या कमाईचे दिवस. ताईंचा प्रश्न एवढाच होता : खरंच गेलाय का हो?

मी त्यांना फोनवरून जे जे करायला सांगितलं, तेच आज क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट. फॉरमॅटच्या आदल्या दिवशी चालणारे चार भाग दुसऱ्या दिवशी एकदम बंद पडले, तर ते चारही एका रात्रीत जळाले असं सहसा होत नाही. विंडोजला त्या भागांशी बोलता येत नाहीये, एवढंच झालेलं असतं. बोलणं जमवून देणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. फॉरमॅटमध्ये जुने ड्रायव्हर पुसले गेले आणि नवीन विंडोजकडे त्या जुन्या भागांचे ड्रायव्हर नव्हते.

हे तपासायचं कसं? स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा आणि डिव्हाइस मॅनेजर उघडा. ज्या नावापुढे पिवळं उद्गारचिन्ह दिसेल त्यावर डबल क्लिक करा. तिथे एक कोड लिहिलेला असतो, तो कागदावर उतरवून घ्या. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. ही चांगली बातमी समजा. कोड १० म्हणजे त्या भागाचं काम सुरू होत नाहीये. बऱ्याचदा ड्रायव्हर चुकीचा असतो. कोड ४३ म्हणजे त्या भागाने स्वतःच अडचण कळवली आहे. इथे भाग खराब असू शकतो. आणि यादीत तो भाग दिसतच नसेल, तर आधी केबल बघा, दुसऱ्या पोर्टला लावून बघा, बायोसमध्ये तो बंद केलेला नाही ना ते बघा.

ताईंच्या यादीत सहा पिवळी चिन्हं होती. सहाही ठिकाणी कोड २८. म्हणजे मदरबोर्ड गेल्याचा काहीच पुरावा नव्हता.

आता गंमत अशी, की ड्रायव्हर नसलेल्या भागाचं खरं नावही विंडोजला माहीत नसतं. 'अननोन डिव्हाइस' लिहून मोकळं होतं. मग ओळख पटवायची कशी? त्याच खिडकीत डिटेल्स टॅबवर जा आणि प्रॉपर्टीच्या यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. तिथे 'व्हेन' या अक्षरांपुढे बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक असतो आणि 'डेव्ह' या अक्षरांपुढे त्या भागाचा. ८०८६ दिसलं तर इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १०डीई म्हणजे एनव्हीडिया, १००२ म्हणजे एएमडी. यूएसबीच्या वस्तूंना 'व्हिड' आणि 'पिड' अशी अक्षरं असतात. मॉडेलचं लेबल पुसलेलं असलं तरी हा क्रमांक ओळख सांगतो.

काही नावं मात्र उगाच घाबरवतात. 'एसएम बस कंट्रोलर' दिसलं तर चिपसेटचा ड्रायव्हर हवा असतो. इंटेलच्या बोर्डवर 'पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर' म्हणजे बहुतेक वेळा इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन.

बरं, ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेटचाच ड्रायव्हर नाही! यावर सोपा उपाय तुमच्या खिशात आहे. अँड्रॉइड फोन डेटा केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. विंडोज १० सहसा वेगळा ड्रायव्हर न मागता फोनचं नेट घेतं. मग विंडोज अपडेट चालवा, आणि त्यातले ऑप्शनल अपडेट्सही उघडून बघा. ताईंच्या सहापैकी तीन चिन्हं इथेच गेली.

उरलेल्यांसाठी, ब्रँडेड मशीन असेल तर मागच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाका. असेंबल असेल तर मदरबोर्डचं मॉडेल शोधा. ते बोर्डवरच छापलेलं असतं. तरी नाही मिळालं तर मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगवर तो हार्डवेअर आयडी टाकून शोधा. क्रम असा ठेवा : आधी चिपसेट, मग ग्राफिक्स, मग नेटवर्क आणि आवाज, शेवटी प्रिंटर-स्कॅनर. दर वेळी रीस्टार्ट करा, म्हणजे बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळतं.

आणि हो, 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर' असं सांगणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. त्यातली कितीतरी नको त्या जाहिराती आणि प्रोग्राम सोबत घेऊन येतात. तुमच्या दुकानात लोकांची आधार कार्डं स्कॅन होतात, हे विसरू नका.

शेवटी ताईंचा स्कॅनर उरला. तिथे दुखणं वेगळं होतं. आधीचं विंडोज ३२ बिट होतं आणि नवीन ६४ बिट टाकलं गेलं. ६४ बिट विंडोजवर ३२ बिट ड्रायव्हर चालत नाही, कितीही वेळा टाका. आणि त्या स्कॅनरच्या कंपनीने ६४ बिट ड्रायव्हर काढलेलाच नव्हता. अशा वेळी मी पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट चालवून बघायला सांगतो. इन्स्टॉल न करताही ते सुरू होतं, आणि बऱ्याच जुन्या स्कॅनरचे ड्रायव्हर त्यात आधीच असतात. ताईंचा स्कॅनर तिथे पहिल्याच झटक्यात चालला. म्हणजे स्कॅनरही धडधाकट होता!

आता थोडं स्पष्ट बोलतो. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एवढ्या जुन्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. त्यामुळे ड्रायव्हर मिळाले म्हणून विषय संपत नाही. ताईंनी ठरवलंय की गर्दीचे दिवस काढायचे, मग त्याच मशीनवर कायमचं लिनक्स टाकायचं. फॉर्म तर ब्राउझरमध्येच भरायचे असतात. फक्त डिजिटल सहीचं टोकन लिनक्सवर चालतं का, ते आधी तपासून घ्या असं मी त्यांना सांगितलंय.

तुमच्याकडे जुना कॉम्प्युटर आज नीट चालत असेल, तर फॉरमॅटला देण्याआधी एक काम करा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. विंडोज १० मध्ये 'पीएनपीयुटिल' नावाचा आदेश आहे, त्याचा 'एक्स्पोर्ट ड्रायव्हर' हा पर्याय बाहेरून टाकलेले सगळे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये काढून देतो. तो फोल्डर पेन ड्राइव्हवर ठेवा. आणि फॉरमॅट करणाऱ्याला आधीच विचारा : ३२ बिट टाकणार की ६४?

दुरुस्तीवाला "गेलाय" म्हणाला, तर त्याला कोड विचारा. कोड सांगता आला नाही, तर स्वतः डिव्हाइस मॅनेजर उघडा. तुमच्या यादीत काय दिसतंय ते मला जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात.