सुरुंगाचा हादरा आणि भिंतीची मालकी

(भोईवाडा येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा सारांश)



भिंत एकाच्या मालकीची आणि तिच्या आडोशाने राहणारा दुसराच, या स्थितीचा अर्थ भोईवाड्यातील भाडेकरूंना समजावून सांगावयास नको. चंद्रपूरच्या उघड्या कोळसा खाणींच्या संदर्भात तोच प्रश्न मला आज मांडावयाचा आहे.

सुरुंग उडविण्यामागे काटेकोर गणित असते. खडकाच्या मोकळ्या कड्यापासून भोकांची रांग किती मागे घ्यावयाची, दोन भोकांत अंतर किती, तोंडाशी ठासणी किती, हे आधी ठरवावे लागते. रांग फार मागे गेली तर खडक पुढे सरकत नाही आणि स्फोटाची शक्ती हादरा बनून जमिनीत शिरते. रांग फार पुढे आली किंवा ठासणी अपुरी पडली, तर दगड उडतात. हादरा आवरण्याचे मुख्य साधन मात्र वेळ हे आहे. भोके काही मिलिसेकंदांच्या अंतराने उडविली, तर हादरा एकूण दारूवर अवलंबून न राहता एका क्षणी उडणाऱ्या दारूवर राहतो. रूढ सूत्रानुसार वस्तीचे अंतर निम्मे झाले, की ही दारू चौथाईवर आणावी लागते. त्यासाठी भोके वाढतात, डिटोनेटर वाढतात, टनामागे खर्च वाढतो. खाणीने तो सोसला नाही, तर तो नाहीसा होत नाही; शेजारच्या भिंतीवर चढतो.

खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९९७ च्या परिपत्रकात हादऱ्याच्या मर्यादा सांगितल्या. कंपने सेकंदाला ८ हून कमी असतील, तर खाणमालकाचे नसलेल्या राहत्या घरापाशी जमिनीच्या कणांचा वेग सेकंदाला ५ मिलिमीटरपर्यंतच असावा. घर खाणमालकाचेच आणि मर्यादित आयुष्याचे असेल, तर मात्र १० मिलिमीटर चालतात! अशा घरात मालक राहत नाही, कामगाराचे कुटुंब राहते. मालक आपल्या भिंतीची डागडुजी स्वतः करील, असे हिशेबनीस म्हणेल. परंतु निखळणारे कौल मालकी विचारून पडत नाही.

कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३ साली झाले आणि ते योग्यच होते. तरीही त्यानंतर २४ वर्षांनी निघालेल्या परिपत्रकात मर्यादा ठरली ती मालकीवरूनच. मालक बदलला, हिशेबाची रीत तीच राहिली. सार्वजनिक मालकीचे काम येथे अर्धेच झाले आहे.

म्हणून आपली मागणी दुहेरी असावी. हादऱ्याची मर्यादा घराच्या मालकावरून न ठरता त्यात माणसे राहतात की नाही, यावरून ठरावी. आणि प्रत्येक बाराची नोंद, म्हणजे एका क्षणी उडालेली दारू, वस्तीचे अंतर व मोजलेला हादरा, मराठीत ग्रामपंचायतीच्या आणि कामगार वसाहतीच्या फलकावर लागावी. ज्याची भिंत हादरते, त्याला तो आकडा वाचता आला पाहिजे.