आपल्या काट्याचे आकडे, आपल्याच संगणकात

कापसाचा हंगाम लागला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वणी, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी, जिकडे जाल तिकडे जिनिंगसमोर गाड्यांच्या रांगा दिसतात. प्रत्येक गाडीमागे एक काटापावती फाटते. तिच्यावर वजन असते, भाव असतो आणि आर्द्रता असते. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदीत आर्द्रता ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव, ८ ते १२ च्या मध्ये कपात, आणि १२ च्या वर गेली की खरेदीच नाही. म्हणजे घरात किती पैसा येणार, हे त्या एका आकड्यावर ठरते. आणि हंगाम संपला की तो आकडा पावतीबुकात पडून राहतो. कोणत्या गावचा माल कोणत्या आठवड्यात ओला होता, परतीच्या पावसानंतर किती दिवस वाळवला असता तर कपात वाचली असती, हे पुढच्या दिवाळीत कुणालाच सांगता येत नाही.

विखुरलेल्या नोंदींची किंमत आपल्या जिल्ह्याने याहून मोठी मोजली आहे. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने इथे वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. गावोगावच्या विषबाधेच्या नोंदी रोजच्या रोज एका फलकावर येत असत्या, तर धोक्याची चाहूल लवकर लागली असती, असे मला मनापासून वाटते. म्हणूनच शेतकरी उत्पादक कंपन्या, बचत गट, ग्रामपंचायती यांनी आपल्या आकड्यांचा फलक, म्हणजे डॅशबोर्ड, स्वतःच्या संगणकावर उभा करावा, असा माझा आग्रह आहे. तयार सेवा इंटरनेटवर भाड्याने मिळतात, पण सभासदाने किती कापूस विकला आणि त्याला किती पैसे मिळाले, ही माहिती दुसऱ्याच्या यंत्रात ठेवायची गरज नाही. शिवाय नेट गेले तरी कार्यालयातल्या वायफायवर आपला फलक दिसत राहतो.

असा फलक बनवणारे मेटाबेस नावाचे एक मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याची साधी आवृत्ती फुकट मिळते. आठ जीबी मेमरीचा जुना डेस्कटॉप आणि त्यावर लिनक्स, एवढ्यावर एका कंपनीचे काम आरामात भागते. पूर्वी असले सॉफ्टवेअर बसवताना त्याला लागणारे दहा सुटे भाग आधी जमवावे लागत, आणि एकाची आवृत्ती जुळली नाही की सगळे अडे. २०१३ मध्ये डॉकर नावाचे साधन आले आणि हे बदलले. सुटा कापूस गाडीत भरताना उडतो, सांडतो, तोच दाबून १७० किलोची गाठ बांधली की कोणत्याही ट्रकवर चढतो. तसे सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारे सगळे एकत्र बांधून मिळते, त्याला इमेज म्हणतात. ती इमेज चालू केली की तिचा कंटेनर होतो. नेट मंद असलेल्या गावात ती उतरवायची गरज नाही. यवतमाळला एकदा उतरवून घ्या, पेन ड्राइव्हवर साठवा आणि गावातल्या संगणकात भरा. डॉकरमध्ये त्यासाठी सेव्ह आणि लोड अशा दोन आज्ञा आहेत.

आता नीट ऐका, कारण नुकसान होते ते इथेच. कंटेनर ही टिकाऊ वस्तू नाही. तो केव्हाही काढून टाकता आला पाहिजे, त्याची रचनाच तशी आहे. पण मेटाबेस नुसता चालू केला, तर तुम्ही बनवलेले सगळे तक्ते आणि आलेख तो कंटेनरच्या पोटातल्या एका फाइलमध्ये ठेवतो. कंटेनर काढला की तेही गेले. म्हणून सोबत पोस्टग्रेस हा डेटाबेस दुसऱ्या कंटेनरमध्ये चालवा आणि त्याची साठवण कंटेनरबाहेरच्या जागेत, म्हणजे व्हॉल्यूममध्ये ठेवा. त्या पोस्टग्रेसमध्ये दोन वेगळी दालने करा, एक मेटाबेसच्या कामाचे, दुसरे काट्याच्या नोंदींचे. हे सारे कंपोज नावाच्या एका छोट्या फाइलीत लिहायचे असते. त्या फाइलीत ओळ आत सरकवताना स्पेसच द्या, टॅब दिला तर फाइल चालत नाही. आणि कंपोज डाउन या आज्ञेपुढे उणे व्ही कधीही सहज म्हणून लावू नका. त्या एका अक्षराने व्हॉल्यूमही पुसला जातो, आणि हंगामभराची नोंद क्षणात जाते.

लाइन जाणे आपल्याकडे नवे नाही. कंपोजच्या फाइलीत दोन्ही कंटेनर आपोआप पुन्हा सुरू होतील अशी ओळ घाला. लाइन येताच संगणकही स्वतःहून सुरू होईल, अशी सोय बऱ्याच संगणकांच्या बायोसमध्ये असते, तीही करून घ्या. तरी छोटा यूपीएस हवाच. लिहिणे अर्धवट राहिले की डेटाबेसला इजा होऊ शकते.

मेटाबेस ब्राउझरमध्ये ३००० क्रमांकाच्या पोर्टवर उघडतो, आणि पहिल्यांदा जो उघडेल तोच प्रशासक होतो. म्हणून बसवल्याबरोबर स्वतः उघडा, खाते करा, पक्का पासवर्ड ठेवा. डॉकर पोर्ट उघडतो तो सगळीकडून उघडतो. उबंटू या लिनक्सची नेहमीची फायरवॉल चालू असली तरी तिला वळसा घालून. हे टाळण्यासाठी कंपोजच्या फाइलीतल्या पोर्टच्या ओळीत कार्यालयाच्या वायफायवरचा आपल्या संगणकाचा पत्ता आधी लिहा आणि राउटरमध्ये तो पत्ता कायम करून घ्या. जुलै २०२३ मध्ये मेटाबेसमध्ये एक गंभीर त्रुटी उघड झाली होती. पासवर्ड नसतानाही बाहेरच्याला त्या सर्व्हरवर आपल्या आज्ञा चालवता येत होत्या. दुरुस्त आवृत्ती लगेच आली, पण ती बसवायची जबाबदारी आपली. कंपोजच्या फाइलीत मेटाबेसच्या आवृत्तीचा क्रमांक स्पष्ट लिहिलेला असेल, तर तो बदलायचा, नवी इमेज आणायची, जुना कंटेनर काढून नवा चालू करायचा. नोंदी पोस्टग्रेसमध्ये असल्याने त्या जागच्या जागी राहतात. त्याआधी बॅकअप मात्र घ्या.

फलकावर सभासदाचे नाव, आधार क्रमांक, बँक खाते काहीही दाखवू नका. गाव, तारीख, वजन, आर्द्रता, भाव, एवढे पुरे. शेजारी महसूल मंडळाचा पाऊस मांडा, म्हणजे पाऊस कोणत्या दिवशी पडला आणि ओल कधी चढली, हे सभेत सगळ्यांना एकाच भिंतीवर दिसेल.

रोज रात्री पोस्टग्रेसची प्रत दुसऱ्या डिस्कवर जाऊ द्या. आणि दसऱ्यानंतर पहिली गाडी काट्यावर येण्याआधी एक दिवस काढून ती प्रत दुसऱ्याच संगणकावर उघडून पाहा. तिथे गेल्या हंगामाच्या पावत्या वजनासकट, आर्द्रतेसकट जुळल्या, की मग नव्या पावत्या भरायला घ्या.