कोर्ट टाळा, बाईचा हक्क नको

(माळेगाव बुद्रुक येथे महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



माळेगावात जमिनीला मोल आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आहे, ऊस आहे, शिवनगरला साखर कारखाना आहे. अशा गावात कर्ता माणूस गेला की तेरावा होतो न होतो तोच कागदांची बोलणी सुरू होतात. सगळ्यांचे म्हणणे एकच, "कोर्टकचेरी नको." मलाही ती नकोच आहे. दिवाणी दावा लागला की एक पिढी तारखांमध्ये जाते. पण कोर्ट टाळायचे म्हणून दर वेळी बाईनेच हक्क सोडायचा, हे कुठे लिहिले आहे?

आधी एक भीती काढून टाकू. मृत्युपत्र केले की कोर्टातून प्रोबेट, म्हणजे ते खरे असल्याचा दाखला, आणावाच लागतो असे अनेकींच्या कानावर आलेले असते. हिंदूंच्या बाबतीत ही सक्ती मुंबईसारख्या मोजक्या शहरांत केलेल्या मृत्युपत्रांना आणि तिथल्या मिळकतींना होती. 2025 साली संसदेने तीही काढली. बारामतीत केलेल्या, इथल्याच जमिनीच्या मृत्युपत्राला ती कधीच नव्हती. तेव्हा कोर्टाशिवायची वाट आपल्याकडे आहेच. त्या वाटेवर बाईचे काय होते, ते मला सांगायचे आहे.

समजा, एका माणसाची स्वकमाईची पाच एकर जमीन आहे. तो मृत्युपत्र न करता वारला. मागे आई, बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने पाचही जण सारखे वारस, प्रत्येकी एक एकर. जमीन वडिलोपार्जित असेल तर मुलगी जन्मानेच हिस्सेदार. आपल्या राज्याने हा हक्क 1994 मध्ये दिला, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळले. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने तो सगळ्या मुलींना मिळाला. ती दुरुस्ती झाली तेव्हा बाप हयात नसला तरी मुलीचा हक्क जात नाही, हे 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

मग सातबाऱ्यावर लेकीचे नाव का दिसत नाही? दोन कागदांमुळे. पहिला वारस नोंदीचा. मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) वर्दी द्यायची असते. सोबत वारसांचे प्रतिज्ञापत्र असते आणि त्यात मुलींची नावे 'राहून जातात'. म्हणून अर्ज भावाने केला तरी तो वाचायला मागा. फेरफाराची नोटीस आली तर मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. नाव राहिले म्हणून मालकी बुडत नाही. फेरफार ही महसुलाची नोंद आहे, मालकी ठरवणारा निकाल नव्हे. पण नंतर ते निस्तरायला कोर्टच गाठावे लागते.

दुसरा कागद हक्कसोडपत्राचा. दिवाळीला बहिणीला बोलवायचे, साडी नेसवायची आणि बारामतीला नोंदणी कार्यालयात न्यायचे. "माहेर तुटेल" या एका शब्दावर एकरभर जमीन जाते. कुणाला मनापासून सोडायची असेल तर जरूर सोडावी. पण काय सोडतो आहोत, किती गुंठे, कुणाच्या नावे, हे वाचून. नोंदवलेली सही सहजासहजी मागे घेता येत नाही.

आता आपल्या हातातल्या वाटा पाहू. 1990 च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम चालवली. गावोगाव शेतकऱ्यांनी आपल्या हयातीत बायकोच्या नावे जमीन केली. त्यातली गोष्ट आजही खरी आहे. माणूस जिवंत असताना नाव लागले की तो गेल्यावर भांडण उरत नाही. नवरा-बायको, मुलगा-मुलगी, नातवंडे यांना राहते घर किंवा शेतजमीन बक्षीसपत्राने देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे. मात्र बायांनो, स्वतःची जमीन मुलाला देताना आपला तहहयात उपभोग राखून ठेवा आणि सांभाळ करण्याची अट कागदावर लिहा. अट लिहिलेली असेल आणि ती मोडली, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालच्या न्यायाधिकरणाकडून तो कागद रद्द करून घेता येतो.

बँकेत, पोस्टात, कारखान्याच्या शेअरला वारसदार नेमा. पैसे लवकर हातात येतात. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. 'कालनिर्णय'चे जयंत साळगावकर यांच्या गुंतवणुकीवरून झालेल्या वादात डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. नॉमिनीने घ्यायचे ते वारसांसाठी.

शेवटची वाट मृत्युपत्राची, आणि ती मी मुद्दाम बायकांनाच सांगते आहे. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने एका विधवेच्या मिळकतीचा निकाल दिला. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा गेला, सासरने हाकलले. माहेरने शिकवले, तिने नोकरी केली, पैसा जमवला. मूलबाळ नव्हते, मृत्युपत्रही नव्हते. तिची स्वकमाई गेली नवऱ्याच्या नातेवाइकांकडे. कायदा तसाच आहे. तिने एक पान लिहून ठेवले असते तर तिच्या माणसांना मिळाले असते.

ते पान साध्या कागदावर चालते, स्टॅम्प लागत नाही. आपली सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार हवेत. साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण असावेत आणि ज्यांना मिळकत मिळणार ते नसावेत. नोंदणी सक्तीची नाही, पण केली तर बरी. स्वतःच्या हिश्श्याचेच लिहा. मन बदलले तर दुसरे करता येते. मुस्लिम मैत्रिणींचे नियम वेगळे आहेत, त्यांना साधारण एक तृतीयांशापुरतेच मृत्युपत्र करता येते.

हे पान उलटेही वापरले जाते. बाप आपल्या हिश्श्याचे मृत्युपत्र मुलांच्या नावे करून लेकीला वगळू शकतो. म्हणून कायद्यावर विसंबून चालणार नाही, घरात बोलावे लागेल. बाप, नवरा धडधाकट असतानाच विचारा, "माझे नाव कुठे आहे?" त्यात लाज कसली? शेतात राबताना कुणी लाजू नका म्हणाले नव्हते.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या माहेरचा आणि सासरचा सातबारा आणायचा. आपण मिळून वाचू.