राखेपासून पाण्यापर्यंत



आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, तुम्ही नागपुरात शिकलात, म्हणजे कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्रांची धुराडी तुमच्या ओळखीची आहेत. आपल्या दगडी कोळशात साधारण 30 ते 45 टक्के राख असते. ती साठवायला तलाव बांधावे लागतात. 2022 च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, खसाळ्याच्या अशाच एका तलावाचा बांध फुटला आणि राख कोलार नदीतून कन्हानमध्ये उतरली. कन्हानचे पाणी हे शहर पिते.

याच राखेतून पाणी स्वच्छ करणारा पदार्थ बनतो. सूक्ष्मदर्शकाखाली ती बघा: काचेच्या गुळगुळीत गोळ्या, काही तर आतून पोकळ. सिलिका आणि ॲल्युमिना त्यात ठासून भरलेले. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात शंभर अंशांच्या आसपास ती तापत ठेवली, की काच विरघळू लागते आणि त्याच द्रावणातून झिओलाइटचे, म्हणजे त्याच पदार्थाचे, कोनदार, सच्छिद्र स्फटिक वाढतात. छिद्रांत सोडियम सैलसर बसलेला असतो. पाण्यातले शिसे किंवा अमोनियम आत शिरते, सोडियम बाहेर पडतो. आपल्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेतही (नीरी) राखेपासून झिओलाइट तयार करण्याचे काम झालेले आहे.

हे ऐकायला सोपे वाटते, म्हणूनच पुढचे नीट ऐका. स्फटिक धुतल्यावर उरणारे पाणी प्रचंड अल्कधर्मी असते. ते नाल्यात सोडले, तर आपण काय साधले? राखेत मुळातच आर्सेनिकसारखी विषारी मूलद्रव्ये अंशाने असतात; ती पाण्यात झिरपत नाहीत ना, हे तपासल्याशिवाय तो पदार्थ पिण्याच्या पाण्याजवळही नेऊ नका. शिशाने भरलेला झिओलाइट मिठाच्या पाण्याने पुन्हा वापरता येतो खरा, पण मग ते शिसे मिठाच्या पाण्यात येते. ते कुठे ठेवणार? शिवाय यवतमाळ-चंद्रपूरकडच्या विहिरींतल्या फ्लोराइडपुढे साधा झिओलाइट हतबल आहे, कारण त्याची चौकटही ऋणभारित आणि फ्लोराइडही ऋणभारित. तिथे वेगळाच उपाय हवा, आणि तो शोधण्याची उमेद तुमच्यात आहे, असा माझा विश्वास आहे.

प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यात शिसे मिसळून ‘99 टक्के निर्मूलन’ दाखवणारे आलेख मला आता पुरेसे वाटत नाहीत. खऱ्या सांडपाण्यात कॅल्शियम असते, मॅग्नेशियम असते, आणि तेही त्याच छिद्रांवर हक्क सांगतात. नमुना नाल्यावरून आणा. खर्च मांडा. गावातला पंपचालक झिओलाइटचा फिल्टर स्वतः धुऊ शकेल का, हे त्यालाच विचारा.

तुमच्यापैकी जे संशोधनात जातील, त्यांच्याकडे माझे एकच मागणे आहे: प्रबंधात एक प्रकरण वापरून झालेल्या पदार्थाच्या विल्हेवाटीवर लिहा, आणि ते सगळ्यात आधी लिहा.