मताचे मुखत्यारपत्र होत नाही
(कर्वेनगर, पुणे येथे बौद्ध कुटुंबांपुढे एका वकिलाने केलेल्या भाषणाचा मजकूर)

आज मला आपल्याशी मतदानाविषयी बोलावयाचे आहे. कोणाला मत द्यावे हे सांगण्यासाठी मी येथे उभा नाही. ते आपले आपण कसे ठरवावे, एवढेच सांगणार आहे. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे. घरातील जुने नवससायास गेले, जुनी भीतीही गेली. परंतु निवडणूक जवळ आली की कोणीतरी पुढारी दारात येतो आणि 'तुमच्या वस्तीची मते आमचीच' असे गृहीत धरून बोलू लागतो. ज्याने देवाचा मध्यस्थ नाकारला, त्याने मताचा मध्यस्थ का म्हणून स्वीकारावा?

प्रथम कायदा काय सांगतो ते पाहू. धर्मांतराने मतदानाच्या हक्काला यत्किंचितही धक्का लागत नाही. संविधानाच्या ३२५ व्या अनुच्छेदाप्रमाणे प्रत्येक मतदारसंघाची यादी एकच असते, आणि केवळ धर्म, वंश, जात किंवा लिंग या कारणावरून कोणालाही तिच्यातून वगळता येत नाही. दीक्षेनंतर नाव किंवा आडनाव बदलले असेल, तर नमुना क्रमांक ८ भरून नोंद दुरुस्त करून घ्यावी. त्यात आळस करू नये. दुसरी गोष्ट, १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमाने मतदाराला जातीतून काढण्याची किंवा बहिष्काराची धमकी देणे हा भ्रष्टाचार ठरविला आहे. आणि मतासाठी पैसे देणाऱ्याइतकाच ते घेणाराही गुन्हेगार असतो, हे आपण विसरू नये.

हा हक्क आपणांस सहजासहजी मिळालेला नाही. १९१९ साली साउथबरो समितीपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साक्ष दिली, तेव्हा मताचा अधिकार मालमत्ता आणि कर यांवर मोजला जात होता. ज्यांच्याजवळ जमीन नाही त्यांच्याजवळ मतही नाही, अशी ती व्यवस्था होती. प्रत्येक प्रौढाला एक मत आणि प्रत्येक मताला एकच मोल, ही गोष्ट १९५० च्या संविधानाने आली.

आता एक जुना प्रसंग सांगतो, कारण आजचा प्रश्न त्यातच आहे. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काही मतदारसंघ दोन जागांचे होते. एक जागा सर्वसाधारण, दुसरी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते होती, मात्र दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. उत्तर मुंबईत बाबासाहेब शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे राखीव जागेसाठी उभे होते. समाजवादी पक्षाचे अशोक मेहता हे सर्वसाधारण जागेसाठी. दोन्ही पक्षांची युती होती. बाबासाहेबांचा १४,५६१ मतांनी पराभव झाला. त्या मतदारसंघात सत्तर हजारांहून अधिक मते बाद ठरली, आणि त्याविरुद्ध या दोघांनी मिळून निवडणूक अर्जही केला.

दोन वर्षांनी, १९५४ साली, भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत हेच दोघे पुन्हा बरोबर उभे राहिले. तेव्हा काही कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांस सुचविले की, आपल्या लोकांनी एक मत आपणांस द्यावे आणि दुसरे कुजवावे. हिशेब उघड होता. आपली दुसरी मते मेहतांना जाणार, परंतु सवर्ण मतदारांची दुसरी मते बाबासाहेबांकडे वळतीलच असे नव्हते. बाबासाहेबांनी ही सूचना साफ नाकारली. ज्याने संविधान घडविले त्याने मत वाया घालविण्यास लोकांना सांगावे, हे त्यांना मान्य नव्हते. निकाल लागला, मेहता निवडून आले आणि बाबासाहेब आठ हजारांहून अधिक मतांनी पडले.

या पराभवातून काय घ्यावे? ज्या मतदारांनी जात पाहून दुसरे मत रोखून धरले, त्यांनी लोकशाहीचे नुकसान केले. पण म्हणून आपणही तसेच करावे, असे बाबासाहेबांनी म्हटले नाही. प्रत्येक मत हा एक स्वतंत्र निर्णय आहे, सूड घेण्याचे साधन नव्हे, ही त्यांची शिकवण आपल्यासाठी त्या जागेपेक्षा मोठी आहे.

१९६१ च्या कायद्याने दोन जागांचे मतदारसंघ गेले. परंतु आपल्या पुणे महानगरपालिकेत एकापेक्षा अधिक मते देण्याची पद्धत परत आली आहे. २१ फेब्रुवारी २०१७ रोजी ४१ प्रभागांतून १६२ नगरसेवक निवडले गेले, आणि बहुतेक प्रभाग चार जागांचे होते. १५ जानेवारी २०२६ च्या मतदानातही तीच रीत होती. अ, ब, क, ड अशा चार जागा, आणि प्रत्येक जागेसाठी वेगळे मत. पक्ष सांगतात, 'पूर्ण पॅनेल चालवा.' बंधुभगिनींनो, आपल्या हाती मते चार आहेत, म्हणून निर्णयही चार आहेत. अ जागेवरचा उमेदवार कामाचा आहे, एवढ्यासाठी ड जागेवरचा आपोआप लायक ठरत नाही.

आज आपल्यापैकी पुष्कळजण कोणत्याही एका पक्षाला बांधलेले नाहीत. १९५७ साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे अनेक गट झाले, आणि एकाच निवडणुकीत ते परस्परविरोधी आघाड्यांत दिसले. निळा झेंडा दोन्ही मंडपांत फडकत असेल, तर केवळ झेंडा पाहून मत देता येणार नाही. हे दुःखाचे आहे खरे. परंतु त्यामुळेच विचार करण्याची जबाबदारी आता प्रत्येक घरावर येऊन पडली आहे.

बाबासाहेब ज्या अमेरिकेत १९१३ ते १९१६ या काळात शिकले, तिकडेही असा मतदार आहे. तेथील अनेक राज्यांत नाव नोंदवितानाच पक्ष सांगता येतो. तरी लक्षावधी लोक कोणत्याच पक्षाचे नाव लावीत नाहीत. राष्ट्राध्यक्षपदासाठी मुख्य उमेदवार दोन, आणि अशा मतदाराला ते दोघेही पुरते पसंत नसतात. तरीही निकाल पुष्कळदा त्याच्याच हाती असतो. २००० साली फ्लोरिडा राज्यात सुमारे साठ लाख मते पडली, आणि अवघ्या ५३७ मतांच्या फरकाने त्या राज्याचा, त्याबरोबर राष्ट्राध्यक्षपदाचा, निकाल लागला. 'माझ्या एका मताने काय होणार' असे म्हणणाऱ्याने हा आकडा ध्यानात ठेवावा.

मग ठरवावे कसे? न्यायाधीश ठरवितो तसे. दोन्ही बाजू ऐकल्यावाचून तो निकाल देत नाही, आणि वकिलाच्या आवाजावर जात नाही; कागद पाहतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निर्णयांमुळे उमेदवाराला आपल्यावरील फौजदारी खटले, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण शपथपत्रावर सांगावे लागते. ते शपथपत्र घरातील शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने मोठ्याने वाचून दाखवावे. नंतर मागील कारभार पाहावा. वस्तीतील पाणी, गटारे, शाळा यांसाठी तो सभागृहात बोलला काय? आपल्या माणसावर अन्याय झाला तेव्हा तो पोलीस ठाण्यात कोणाच्या बाजूने उभा राहिला? शेवटी, दोघेही अपुरे वाटले तर त्यांतल्या त्यात कोणापासून संविधानास कमी धोका आहे, हे पाहावे. निर्दोष उमेदवाराची वाट पाहत घरी बसणे म्हणजे निर्णय दुसऱ्याच्या हाती देणे होय. कोणीच पटत नसेल, तर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण २०१३ पासून आहे. लोकसभा-विधानसभेत त्याने निकाल बदलत नाही. परंतु महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ साली ठरविले की, स्थानिक निवडणुकीत त्याला सर्वांत अधिक मते पडल्यास त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यावी. ते विचारपूर्वक वापरावे, कंटाळ्याने नव्हे.

भगिनींना दोन शब्द. हे कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. १९०० साली धोंडो केशव कर्वे यांनी आपला विधवांचा आश्रम येथे आणला, आणि स्त्रीने स्वतःच्या पायावर उभे राहावे हा विचार या भूमीत रुजविला. ज्या गावाची ही ओळख, तेथील बाईने 'ते सांगतील तिकडे' असे म्हणू नये. जमिनीचे, घराचे, बँकेतील पैशाचे मुखत्यारपत्र करून देता येते. मताचे मुखत्यारपत्र कोणत्याही कचेरीत होत नाही. ते नवऱ्याला देता येत नाही, भावकीला नाही, पुढाऱ्यालाही नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी इशारा दिला होता की, राजकारणातील व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते. हा इशारा त्यांच्या अनुयायांनाही लागू आहे. त्यांचे नाव घेऊन कोणी मत मागू लागला, तर त्याला नम्रपणे बसवावे, पाणी द्यावे आणि विचारावे, 'आपण काय केले ते सांगा.' उत्तर ऐकून घ्यावे. मग आपल्या घरी, आपल्या बुद्धीने ठरवावे.

जय भीम.