भोंगा वाजतो तेव्हा

माझ्या होडीला जुनी टू-स्ट्रोक आउटबोर्ड मोटर आहे. एकदा खाडीच्या तोंडाशी तिचा भोंगा अखंड वाजू लागला. ओहोटीची ओढ होती, होडीत चार पाहुणे होते. पुतण्या म्हणाला, "काका, वायर काढून टाकू?"

मी नको म्हटलं. वेग उतरवून मागे पाहिलं. मोटरमधून पाण्याची जी बारीक धार सतत पडते, ती बंद होती. थंड करणारं पाणी वर चढतच नव्हतं. लगेच इंजिन बंद केलं, नांगर टाकला, मोटर उचलली. पाणी आत घेणाऱ्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी! ती काढली, इंजिन निवू दिलं. पुन्हा सुरू केल्यावर धार आली, भोंगा गप्प.

धार आली नसती तर संशय पंपातल्या रबरी पंख्यावर. धार ठीक असूनही भोंगा वाजला तर ऑइलची टाकी पाहावी. पेट्रोलबरोबर जळणारं ऑइलच या इंजिनाचं वंगण. हे सारं तपासल्यावरच स्विच-वायरींना दोष द्यावा.

वायर तोडली असती तर आवाज थांबला असता. पण पुढे इंजिनही थांबलं असतं, आणि ओहोटीने आम्हाला समुद्रात नेलं असतं.